या डोंगराला फॉल कुठला लागेल?

"फिकं काहीतरी काढा गं. सवाष्ण का आहे ती?"

तुझ्या उघड्या कपाटासमोर उभ्या राहून नलिनीकाकू हे म्हणाल्या. मोठ्याने नाही, शेजारच्या दोघींना ऐकू जाईल इतकंच. मी बेडरूमच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते, म्हणून मलाही ऐकू आलं. तू जाऊन तेव्हा काही दिवस झाले होते. इथे इंग्लंडमध्ये क्रेमॅटोरियमची तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर माणूस फ्युनरल होममध्ये असतं. तुला तिथे जाऊन साडी नेसवायची होती. ती निवडायला वॉटफर्डच्या तुझ्या मैत्रिणी आल्या होत्या.

त्यांनी मोतिया रंगाची, बारीक राखाडी काठाची साडी काढली. तू ती नेसलेली मी कधी पाहिली नव्हती. कुणीतरी आहेर केलेली असणार. खिडकीपाशी तुझा मुलगा रोहन त्याच्या बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता. नलिनीकाकूंनी त्याला साडी दाखवली, तर तो म्हणाला, "काकू, जे प्रॉपर असेल ते करा. मला नाही माहिती."

मला माहीत होतं. त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी ट्रे खाली ठेवला आणि साखर कुणाला नको, ते विचारलं.

मावशी, तू असतीस तर म्हणाली असतीस, बघा, बोलली एकदाची. माझ्या बोलण्यावरून तू मला कायम चिडवायचीस. पावती फाडल्यासारखं बोलतेस, म्हणायचीस. मागितलं तेवढं द्यायचं, खाली सही, पुढचा नंबर. आईने मला तुझ्याकडे राहायला पाठवलं तेव्हा तिने फोनवर तुला बजावलं होतं, मिनू अबोल आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. तू म्हणालीस, घरात एक बोलणारी पुरे आहे.

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर मी कपाटाच्या खालच्या खणातला तुझा बिस्किटांचा निळा डबा काढून बसले. त्यात बिस्किटं कधीच नव्हती. साड्यांचे फॉल, गुंडाळी करून, उभे लावलेले. निम्म्या वॉटफर्डच्या साड्यांना तू फॉल लावलेस. बायका साड्या घेऊन यायच्या, तू साडीचं टोक आणि फॉल दोन्ही घेऊन खिडकीशी जायचीस. ट्यूबखाली सगळे रंग खोटं बोलतात, असं तुझं म्हणणं. बाहेर उजेड नसेल तर बाईला उद्या या म्हणायचीस, आणि वॉटफर्डमध्ये उजेड नसतोच, त्यामुळे त्या बायका आठवडाभर येत राहायच्या. मला तेव्हा वाटायचं, त्यासाठीच तू असं करतेस.

तुझे डोळे बिघडताहेत हे मला त्या डब्यावरूनच कळलं होतं. एकदा तू एका डाळिंबी साडीला वांगी रंगाचा फॉल लावलास. साडीवाली काही बोलली नाही, घडी करून घेऊन गेली. मीही काही बोलले नाही. पुढे तूच डॉक्टरकडे गेलीस. नजरेच्या बरोब्बर मध्ये डाग बसला होता आणि तो पसरत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणसाचा चेहरा बघायचा असला की तू त्याच्या कानाकडे बघायला लागलीस. आणि रंग एकेक करून निघून चालले होते, धुऊन धुऊन जातात तसे.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. अमेरिकेतले लाल डोंगर, खाली नदीची रेघ. काकांनी लावलेलं. रिटायर झाल्यावर तुम्ही दोघं तिथे जाणार होतात, पण काका त्याआधीच वारले. मसाल्याचा डबा काढताना तू रोज ते पान बघायचीस. एक दिवस दार उघडून तू नुसतीच उभी राहिलीस. मान कोंबडीसारखी तिरकी करून बघत होतीस. मग म्हणालीस, मिनू, यातलं लाल कुठे गेलं?

रोहन न्यायला तयार होता, पण पुढच्या वर्षी, बाळ जरा मोठं झालं की. तू त्याला सांगितलंस, पुढच्या वर्षी मला तिथे नुसता वारा लागेल तोंडाला. आणि मग मला म्हणालीस, आपण दोघी जाऊ. मी म्हटलं, मला धड ड्रायव्हिंग येत नाही. लायसन्स नवीन होतं. तेव्हा तू जे म्हणालीस ते मला नको इतकं आठवतं: "रोहन 'नाइस' म्हणतो आणि फोन काढतो. तू बघतेस. गप्प बसणारी माणसं बघत असतात. मला काय दिसतंय ते तू सांग."

एवढंच मागितलं होतंस. माझं तिकीट, गाडीचं भाडं, सगळं तू केलंस. मला फक्त बघायचं होतं आणि सांगायचं होतं.

लास व्हेगासला आपण ती पांढरी गाडी घेतली. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडे, आणि गिअर बदलायला म्हणून माझा डावा हात सारखा दारावर जाऊन आपटत होता. "गाडी चालव," तू म्हणालीस, "दार कशाला उघडतेस? मी काय उडी मारत नाही." तू शेजारी, साडी, पायात ट्रेनर्स, अंगात रोहनचं शाळेतलं फ्लीसचं जाकीट, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. शहर संपलं, मग बराच वेळ नुसती झुडपं, आणि मग रस्त्याने एक वळण घेतलं आणि डोंगर सुरू झाले.

"काय दिसतंय?"

"डोंगर."

"कुठल्या रंगाचा?"

"रेड."

"रेड काय? लंडनची बस आहे का?"

मी हसले. दुसऱ्या वेळेला "ऑरेंज" म्हटलं. मग "ब्राउनिश". तू म्हणालीस, ब्राउनिश हा रंग नाही गं, ती तक्रार आहे. मग तू तुझा खेळ काढलास. "बरं, असं सांग. या डोंगराला फॉल कुठला लागेल?"

तू मला सोपं करून देत होतीस, हे आता समजतं. तुला वाटलं, ही मुलगी माझ्या डब्यातून फॉल काढून देते, तिला तेवढं तरी जमेल. तेव्हा मला ते परीक्षेसारखं वाटलं. मी जीव मुठीत धरून समोरच्या ट्रककडे बघत होते. म्हटलं, मावशी, मला ड्राइव्ह करू दे. पुढचा बराच रस्ता तू पुऱ्यांचे तुकडे करून मला भरवत राहिलीस आणि काही विचारलं नाहीस.

त्या संध्याकाळी मोटेलमध्ये आपलं जे झालं ते भांडणच होतं, जरी दोघींचा आवाज चढला नाही तरी. मी म्हटलं, मला मराठीत एवढं नाही येत. इंग्लिश मीडियममध्ये गेले मी, रंगाची नावं पण इंग्लिशमध्येच शिकले. तू म्हणालीस, मग इंग्लिशमध्ये सांग. मला काय, सबंध आयुष्य वॉटफर्डच्या कौन्सिलच्या ऑफिसात घालवलं. मी गप्प बसले. कारण इंग्लिशमध्ये तरी माझ्याकडे कुठे काय होतं? मी सगळं बघते, हे खरं आहे. पण बघितलेलं बाहेर काढायची सवयच मला नाही. ते आत साठवून मी माझ्यापुरतं ठेवते. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी दिवा बंद केला.

आणि तरी एकदा जमलं होतं, मावशी. ते आठवून मला बरं वाटतं आणि लगेच जास्तच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळवंटात अचानक सर आली. पाच-दहा मिनिटंच, पण इतकी जोरात की मी घाबरून गाडी कडेला घेतली. थांबली तेव्हा समोरची डोंगराची सबंध भिंत ओली झाली होती. आसपास एकही गाडी नव्हती, माणूस नव्हता. तू काच खाली करून वास घेत होतीस. विचारलं नव्हतंस काहीच. माझ्याच तोंडून गेलं:

"आई सोलकढीला आमसुलं भिजत घालते ना, तसं झालंय."

तू वळलीस. "वाटीच्या तळाशी असतं तसं, का वर असतं तसं?"

"तळाशी. अगदी काळपट. आणि वर, पाणी वाटीला लागतं ना, तिथे गुलाबी."

"आणि त्याच्याही वर?"

"त्याच्या वर कोरडंच आहे अजून. खारी बिस्किटासारखं."

तू चष्मा काढलास आणि पदराने डोळे पुसत हसत राहिलीस. आमसुली, आमसुली, असं दोन-तीनदा म्हणालीस, जिभेवर ठेवून बघितल्यासारखं. मग त्या साडीची गोष्ट सांगितलीस. काका गेल्यानंतरच्या वर्षी तू पुण्याला गेलीस आणि लक्ष्मी रोडवर एकटी दुकानात बसून ती आमसुली साडी घेतलीस. तोवर प्रत्येक साडीला काकांना विचारायचीस आणि ते न बघताच छान म्हणायचे. ही पहिली, कुणालाच न विचारता घेतलेली. दिवाळीच्या कार्यक्रमाला ती नेसून गेलीस आणि तुझं आणि नलिनीकाकूंचं वाजलं.

"मला न्याल तेव्हा त्याच साडीत न्या," तू म्हणालीस. "रोहनला रंग कळत नाहीत, म्हणून तुला सांगून ठेवते. नलू फिकी काढेल, बघ."

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस, आणि गाडी सुरू केली. पण त्या दुपारी पुढचा सगळा रस्ता मी बोलत होते. हा विटेचा, तो जरदाळूचा, इथे एक पट्टा ताकासारखा. तू डोळे मिटून ऐकत होतीस. माझ्या आयुष्यात मी एवढं कधी बोलले नसेन.

म्हणून संध्याकाळचं मला जास्त लागतं.

सूर्यास्त बघायला आपण त्या कड्यावर गेलो, काकांच्या कॅलेंडरमधल्या जागी. तेवढ्यासाठी तू इतक्या लांब आली होतीस. बरीच माणसं होती. आपण कठड्याजवळ जागा धरली आणि शेजारून आवाज आला, अहो, तुम्ही पुण्याच्या का? एक मराठी कुटुंब होतं. कॅलिफोर्नियात राहणारं, आई, वडील, माझ्याच वयाची मुलगी. तू खूश झालीस, लगेच गाव, पेठ, कोण कुणाचं कोण, सुरू झालं. ती मुलगी तिथे जन्मलेली आणि इतकं स्वच्छ, ठसठशीत मराठी बोलत होती. तिने मला काहीतरी विचारलं. मी उत्तर देताना अडखळले, तिने मदत केल्यासारखा शब्द पुरवला. एवढंच. तिच्या मनात काही नव्हतं.

मग सूर्य खाली जायला लागला, सगळे गप्प झाले, आणि तू माझा दंड धरून, तुझ्या त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणालीस, "हं, मिनू, सांग."

परक्या लोकांत मला भीती नसते. त्यांना आपलं बोलणं कळत नाही. पण ते तिघं हातभर अंतरावर होते. मी आमसूल, वाटी, जरदाळू म्हणेन आणि ती मुलगी ऐकेल. मला दुसरं काही सुचलं नाही.

"तसंच आहे," मी म्हटलं. "दुपारसारखंच."

"काहीच झालं नाही?"

"नाही. तसंच."

आणि समोर जे होत होतं ते, मावशी, मी तुला सांगितलं नाही. मी एकटीने बघितलं. तुझा हात माझ्या दंडावर असताना.

थोड्या वेळाने त्या मुलीचे वडील आपल्या बायकोला म्हणाले, अगं, बघितलंस, सबंध डोंगर पेटलाय. तुझी मान त्या बाजूला झुकली. तू ते ऐकलंस का, हे मी तुला कधीच विचारलं नाही. मग म्हणालीस, थंडी वाजायला लागली, चल. मला सुटता यावं म्हणून म्हणालीस, की खरंच वाजत होती, तेही मला माहीत नाही.

घरी आल्यावर तू प्रत्येकीला सांगितलंस, हिने मला सगळं दाखवलं. फॉल घ्यायला कुणी आलं की तेच. रोहनला व्हिडिओ कॉलवर तेच. "सगळं दाखवलं हो मिनूने, काही राहिलं नाही." तू हे म्हणायचीस आणि माझ्या कानाकडे बघायचीस, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे. मी उठून किटली लावायचे. आठवडे गेले, उन्हाळा गेला. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. ती संध्याकाळ मला नीट पाठ होती, अजून आहे. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वॉटफर्डपासून क्रॉयडनपर्यंत मी ती मनात मराठीत जुळवत जायचे. घरी येऊन तुला विचारायचे, जेवलीस का?

शेवटच्या सकाळीसुद्धा तू विचारलंस. खिडकीशी उभी होतीस, हातात चहा. "आज कसं आहे बाहेर?"

"ग्रे," मी म्हटलं. "उशीर होतोय मला, मावशी."

मला ऑफिसात रोहनचा फोन आला तेव्हा मी टेबलावरून उठले, खिडकीपाशी गेले. बाहेर तेव्हाही ग्रे होतं. पण नुसतं ग्रे कधीच नसतं गं. त्यात तांदूळ धुतलेलं पाणी होतं, पत्र्याचा रंग होता, आणि लांब, ट्रामच्या तारांच्या वर, फुटाण्याच्या सालीसारखा एक पट्टा होता.

फ्युनरल होममध्ये जायच्या दिवशी मी कपाटातून आमसुली काढली आणि माझ्या ऑफिसच्या बॅगेत भरली. गाडीत नलिनीकाकू पुढे बसल्या होत्या, मोतिया साडी मांडीवर, वर हात ठेवून. सबंध रस्ता मी पाठीमागे बॅग कवटाळून बसले. तिथल्या बाईने आम्हाला आत नेलं. तू होतीस. डोळे मिटलेले, चष्मा नव्हता. नलिनीकाकूंनी मोतिया साडीची घडी मोडायला घेतली.

"काकू, ती नको."

त्यांनी वळून पाहिलं. मला वाटतं मी बोलले म्हणूनच त्यांना आश्चर्य वाटलं, काय बोलले ते नंतर पोचलं.

"मावशीला ही हवी होती. तिने मला सांगितलं होतं. गाडीत."

मी आमसुली पुढे केली. दोघी तिघी एकमेकींकडे बघत होत्या. एक हळूच म्हणाली, पण रंग जरा जास्तच होतो. नलिनीकाकूंनी साडी घेतली, काही न बोलता टोक उलटलं आणि फॉलवरून बोट फिरवलं. बारीक, एकसारखे टाके. तुझे.

"याच साडीवरून बोलले होते मी तिला," त्या म्हणाल्या. "शोभतं का आता, म्हटलं. तर मला म्हणते, नलू, तो गेला, माझे डोळे नाही गेले." मग त्यांनी मोतिया साडी माझ्याकडे दिली. "ठेव ती बॅगेत. निऱ्या मी काढते. तुला यायच्या नाहीत."

मला खरंच येत नाहीत. मी तुझ्या खांद्यापाशी पदर धरून उभी राहिले. त्या निऱ्या काढत होत्या, मोजून, सारख्या करून, जशा तू त्यांच्या सुनेच्या लग्नात काढल्या होत्यास. मी खाली वाकून तुझ्या कानाशी बोलायला लागले. नलिनीकाकू मान वर न करता म्हणाल्या, "पुटपुटू नकोस गं. सांगायचंय ते मोठ्याने सांग तिला."

खोलीत तुझ्या सगळ्या मैत्रिणी होत्या. अस्सल पुणेरी बोलणाऱ्या, माझी एकेक चूक पकडतील अशा. मी सरळ उभी राहिले आणि म्हटलं:

"मावशी, त्या संध्याकाळी तसंच नव्हतं. मी खोटं बोलले. आधी सगळी भिंत फोडणीत हळद पडल्यावर तेल होतं ना, तशी झाली. मग वरपासून गाजराच्या हलव्यासारखी, तूप सुटलेला असतो तशी, चमकत होती. मध्ये एक बारीक पट्टा होता, अबोलीचा, तो शेवटपर्यंत हलला नाही. खालून सावली चढत होती, वांग्याच्या सालीसारखी, हळूहळू, आणि लोक गप्प झाले होते ते त्याच्यामुळे. आणि सूर्य गेल्यावर सगळं, अगदी सगळं, आमसुली झालं. वाटीच्या तळासारखं. त्याला फॉल हाच लागला असता, मावशी. हाच, तुझ्या हातचा."